प्लेस्टेशन ३ : ब्लू-रे प्लेअर म्हणून एक परीक्षण

सोनीचे प्लेस्टेशन ३ खेळांचे यंत्र म्हणून इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने तपासले गेले आहे की त्या अंगाने नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. प्रस्तुत परीक्षणात त्याचा विचार केवळ घरी चित्रपट पाहण्याचे यंत्र म्हणून केला आहे. त्याला कारणही तसेच आहे. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या उच्च चित्रस्पष्टतेच्या दोन डिस्क-माध्यमांच्या झगड्यात चित्रपट कंपन्यांनी जी घरे मोजली, त्यांतील बहुतेक घरांत ब्लू-रे चालवणारे यंत्र म्हणून हेच खेळाचे खोके होते. शिवाय जुन्या वस्तूंच्या बाजारात ते अजूनही सहज मिळते, त्यामुळे डिस्कचा संग्रह बाळगणाऱ्या माणसापुढे ते घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न आजही येतो. माझ्याकडे पहिल्या पिढीचे जाडजूड आणि नंतरचे सडपातळ अशी दोन्ही रूपे वापरात राहिली आहेत, आणि पुढील मते त्या वापरावर आधारलेली आहेत.

मुळात खेळाच्या यंत्रात चित्रपटाची डिस्क चालावी ही कल्पना प्लेस्टेशन ३ ची नव्हे. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत ३९,८०० येन होती आणि ते डीव्हीडी चालवत असे. जपानमध्ये डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरपासून उपलब्ध होती, पण प्लेअर महाग असल्यामुळे सामान्य घरांत ती फारशी शिरलेली नव्हती. खेळासाठी घेतलेल्या यंत्रात ती आपसूक चालू लागली आणि अनेक कुटुंबांचा पहिला डीव्हीडी प्लेअर मुलांच्या हट्टामुळे घरात आला. गंमत अशी की सुरुवातीचे कित्येक खेळ साध्या सीडीवरच येत होते. डीव्हीडीची खरी गरज प्रारंभी चित्रपटांनाच अधिक होती. मात्र येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. डीव्हीडीला त्या वेळी तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरलेला नव्हता. सर्व मोठ्या चित्रपट कंपन्या तिच्या मागे उभ्या होत्या आणि ती जिंकणारच होती. प्लेस्टेशन २ ने तिचा वेग वाढवला, तिची दिशा ठरवली नाही.

त्या काळातील इतर कंपन्यांचे वर्तन पाहिले की हा फरक अधिक स्पष्ट होतो. मायक्रोसॉफ्टच्या २००१ मधील पहिल्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडी ड्राइव्ह होता, परंतु चित्रपट पाहण्यासाठी रिमोटचा वेगळा संच विकत घ्यावा लागे, कारण डीव्हीडीच्या परवान्याचे शुल्क प्रत्येक यंत्रामागे भरण्याची कंपनीची इच्छा नव्हती. निन्टेंडोच्या गेमक्यूबने आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क वापरली आणि चित्रपटांचा प्रश्नच निकालात काढला. तरीही डीव्हीडीचे काही बिघडले नाही.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट अगदी वेगळी आहे. ते ११ नोव्हेंबर २००६ रोजी जपानमध्ये आणि १७ नोव्हेंबरला अमेरिकेत आले, त्या वर्षी उच्च चित्रस्पष्टतेची दोन माध्यमे समोरासमोर उभी होती. तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत एप्रिल २००६ मध्ये ४९९ डॉलरना आला होता, तर सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर जूनमध्ये ९९९ डॉलरना. या पार्श्वभूमीवर ४९९ आणि ५९९ डॉलरची प्लेस्टेशन ३ ची दोन रूपे खेळ खेळणाऱ्यांना अवाच्या सवा महाग वाटली, आणि चित्रपट पाहणाऱ्यांना मात्र ती बाजारातील सर्वांत स्वस्त ब्लू-रे प्लेअर वाटली. एकाच किंमतीकडे दोन गिऱ्हाइके अशा उलट नजरेने पाहत होती, आणि या यंत्राच्या यशापयशाचे बरेचसे इंगित त्यातच आहे.

या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा लेसर लागतो. डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो. तरंगलांबी कमी आणि भिंग अधिक प्रखर, म्हणून त्याच आकाराच्या डिस्कवर एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५० जीबी माहिती मावते, जिथे एचडी डीव्हीडीची मजल १५ आणि ३० जीबीपर्यंत होती. हे निळे लेसर पुरेशा संख्येने तयार होईनात, म्हणून युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबणीवर पडली. सोनी प्रत्येक यंत्र तोट्यात विकत होती, आणि त्या आर्थिक वर्षात तिच्या खेळ विभागाला २३२ अब्ज येनांचा तोटा झाला. गेम खेळणाऱ्यांचाही यात फारसा फायदा नव्हता. प्लेस्टेशन ३ चा ड्राइव्ह ब्लू-रे दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे नऊ एमबी वाचत असे, जे एक्सबॉक्स ३६० च्या बारापट वेगाच्या डीव्हीडी ड्राइव्हच्या कमाल वेगापेक्षा कमीच होते. म्हणून अनेक खेळ आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे लागत. ५० जीबीची ऐसपैस जागा मिळाली हे खरे, आणि काही खेळ एक्सबॉक्सवर तीन-चार डीव्हीडींत विभागले गेले हेही खरे, पण पहिल्या दोन वर्षांत त्या जागेचा खरा लाभ चित्रपटांनाच झाला.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. चित्रपटाचे यंत्र म्हणून त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे वेग. अनेक ब्लू-रे डिस्कवरील मेनू जावा या संगणकीय भाषेत लिहिलेले असतात, आणि २००६-०७ मधील स्वतंत्र प्लेअरना ते उघडताना अक्षरशः धाप लागत असे; डिस्क आत सरकवल्यापासून चित्र दिसेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे सहज जात. प्लेस्टेशन ३ मधील सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा आणि खेळांसाठी बनवलेला असल्यामुळे मेनू झटकन उघडतात, प्रकरणांवरून उड्या मारता येतात आणि मागे-पुढे जाताना चित्र अडखळत नाही. चित्रपट चालू असताना सिलेक्ट बटण दाबले की कोणत्या पद्धतीने चित्र साठवले आहे आणि सेकंदाला किती मेगाबिट माहिती वाचली जात आहे हे पडद्याच्या कडेला दिसते. सामान्य प्रेक्षकाला त्याचा उपयोग शून्य. पण सुरुवातीच्या काही ब्लू-रे एकाच थराच्या डिस्कवर जुन्या एमपेग-२ पद्धतीने कोंबल्या होत्या आणि त्या का धूसर दिसत, हे या आकड्यांवरून चटकन समजते.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे: हे यंत्र विकत घेतल्यानंतर सुधारत गेले. मे २००७ मधील अपडेटने साध्या डीव्हीडीचे चित्र १०८०पी, म्हणजे पूर्ण एचडीपर्यंत वाढवून दाखवण्याची सोय आली, आणि ती इतकी चांगली होती की जुना डीव्हीडी संग्रह असलेल्यांनी केवळ तेवढ्यासाठीही यंत्राचे कौतुक केले. मार्च २००८ मध्ये इंटरनेटवरून अतिरिक्त सामग्री आणणारी बीडी-लाइव्हची सोय आली. एप्रिलमध्ये डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा बिनघट, म्हणजे मूळ ध्वनीतले काहीही न गाळणारा ध्वनिप्रकार यंत्र स्वतः उलगडू लागले. २०१० मध्ये त्रिमिती ब्लू-रेसुद्धा चालू लागल्या. २००६ मध्ये हजार डॉलर मोजून घेतलेला स्वतंत्र प्लेअर दोन वर्षांत कालबाह्य झाला, आणि खेळाचे खोके मात्र ब्लू-रेच्या प्रत्येक नव्या पायरीवर चढत राहिले. नव्या माध्यमाचे नियम अजून घडत असताना ते विकत घेणाऱ्याला जी भीती असते, ती या अपडेटनी बरीच कमी केली. माझ्या मते या कन्सोलने, म्हणजे खेळाच्या यंत्राने, ब्लू-रेला दिलेली ही सर्वांत कमी चर्चिलेली मदत आहे.

दोषही थोडे नाहीत. पहिल्या पिढीच्या यंत्राला इन्फ्रारेड रिमोट चालत नाही; एकतर खेळाच्या कंट्रोलरने चित्रपट चालवायचा, नाहीतर सोनीचा ब्लूटूथ रिमोट वेगळा घ्यायचा. घरातील ज्येष्ठ मंडळींच्या हातात त्रिकोण-चौकोनांची बटणे असलेला कंट्रोलर दिला की ‘हे थांबवायचे कसे’ हा प्रश्न येतोच, आणि टीव्ही, साउंडबार व प्लेअर एकाच रिमोटने चालवण्याची सवय असलेल्यांचा तर हिरमोडच होतो. जाडजूड यंत्र साधा चित्रपट दाखवतानाही दीडशे वॅटच्या वर वीज घेते आणि उन्हाळ्यात त्याचा पंखा शांत प्रसंगांच्या वेळी स्पष्ट ऐकू येतो. सप्टेंबर २००९ च्या सडपातळ रूपात वीज आणि आवाज दोन्ही बरेच कमी झाले. जाड रूप नवे ध्वनिप्रकार स्वतः उलगडून रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला) पाठवते, मूळ स्वरूपात पाठवू शकत नाही. हा फरक कानाला जाणवत नाही, पण रिसीव्हरवर ध्वनिप्रकाराचे नाव उमटलेले पाहण्यात ज्यांना समाधान वाटते त्यांनी सडपातळ रूपच पाहावे. उलट पहिल्या काही रूपांत सुपर ऑडिओ सीडी चालते, जी पुढे काढून टाकण्यात आली, म्हणून संगीताचे शौकीन अजूनही जुन्या यंत्राच्या शोधात असतात.

सर्वांत अजब कसूर खोक्याच्या आतच होती. उच्च चित्रस्पष्टतेच्या जाहिराती करून विकलेल्या या यंत्रासोबत सुरुवातीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची साधी केबल दिली जात होती, एचडीएमआय केबल वेगळी घ्यावी लागे. कितीतरी लोकांनी ब्लू-रे महिनोन् महिने अशाच केबलवरून पाहिली असणार.

तर मग ब्लू-रे जिंकली ती प्लेस्टेशन ३ मुळेच का? याचे उत्तर सरसकट ‘होय’ असे देणे मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी नोव्हेंबर २००६ मध्ये एचडी डीव्हीडीचा जोड-ड्राइव्ह १९९ डॉलरना आणला होता. कागदावर ही योजना शहाणपणाची दिसते: ज्याला चित्रपट हवेत त्याने पैसे मोजावेत, इतरांवर भार कशाला? पण माध्यमाच्या प्रसाराच्या दृष्टीने ती पांगळी ठरली, कारण एचडी डीव्हीडी हवी असे आधीच ठरवलेला माणूसच जोड-ड्राइव्ह घेतो, आणि अशी माणसे कमी असतात. प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे न मागताही येत होती. या यंत्राच्या मालकांपैकी बरेच जण चित्रपटाच्या डिस्क क्वचितच विकत घेत, अशी टीका एचडी डीव्हीडीचे समर्थक करत, आणि तिच्यात तथ्य होते. परंतु मालकांची संख्याच इतकी मोठी होती की २००७ च्या सुरुवातीपासूनच अमेरिकेत ब्लू-रेची विक्री एचडी डीव्हीडीच्या पुढे गेली. २००७ अखेर जगभरात सुमारे एक कोटी प्लेस्टेशन ३ दुकानांपर्यंत पोहोचली होती.

त्याच वेळी किंमतीचा सिद्धान्त मात्र इथे पार कोलमडतो. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने तोशिबाचा एक एचडी डीव्हीडी प्लेअर शंभर डॉलरहून कमी किंमतीत विकला. प्लेस्टेशन ३ चे सर्वांत स्वस्त रूप तेव्हा ३९९ डॉलरना होते. स्वस्त यंत्र जिंकते हे खरे असते, तर एचडी डीव्हीडी त्या नाताळातच जिंकली असती. परंतु सोनीचा स्वतःचा स्टुडिओ, डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेच्या बाजूला होते. ब्लॉकबस्टर या अमेरिकेतील दुकानसाखळीने जून २००७ मध्ये आपल्या सुमारे १,४५० दुकानांत या दोन माध्यमांपैकी ब्लू-रेच भाड्याने देण्याचे ठरवले होते. आणि ऑगस्टमध्ये पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे गेल्यामुळे झगडा लांबत असल्याची चिन्हे दिसत असतानाच ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रे काढण्याची घोषणा केली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. कन्सोलने घरे मिळवून दिली आणि त्या घरांची मोजदाद करून स्टुडिओंनी निर्णय घेतला; दोहोंपैकी एक नसते तर निकाल इतक्या लवकर लागला नसता.

नुसते खेळाचे यंत्र माध्यमाला जिंकवू शकत नाही, ही मर्यादा सोनीच्याच दुसऱ्या एका यंत्राने आधीच दाखवून दिली होती. हातात धरून खेळायच्या पीएसपीसाठी यूएमडी ही १.८ जीबीची छोटी डिस्क काढली, तिच्यावर चित्रपटही विकायला आणले. पीएसपी लाखोंनी खपले. पण यूएमडी घरच्या टीव्हीवर पाहता येत नव्हती, पीएसपीखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्लेअरमध्ये चालत नव्हती, आणि तोच चित्रपट डीव्हीडीवर तेवढ्याच किंवा कमी किंमतीत मिळत होता. वर्ष-दोन वर्षांत दुकानांनी ते चित्रपट कपाटांवरून काढून टाकले.

भारतातील चित्र तर या सगळ्यापेक्षा निराळेच होते, आणि कन्सोलच्या महतीचे गोडवे गाणाऱ्यांनी ते लक्षात घ्यायला हवे. आपल्याकडे घरोघरी डिस्क पोहोचवली ती व्हीसीडीने. तिच्यामागे कोणतेही खेळाचे यंत्र नव्हते. होते ते स्वस्त प्लेअर, गल्लीतील भाड्याची दुकाने आणि डिस्कच्या पडत्या किंमती. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्लेस्टेशन ३ भारतात ३९,९९० रुपयांना आले आणि त्यावर लावायची ब्लू-रे हजार-दीड हजारांच्या घरात पडत असे. बहुसंख्य घरांतील टीव्ही अजून काचेच्या नळीचे होते. मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या व्हीसीडी-डीव्हीडी मोठ्या प्रमाणावर निघाल्या, पण माझ्या संग्रहात आजही एकही मराठी ब्लू-रे नाही. माध्यम पोहोचवण्यासाठी यंत्र दिवाणखान्यात असणे पुरत नाही, त्यात लावण्याजोगे, आपल्या भाषेतले आणि आपल्या खिशाला परवडणारेही काही असावे लागते.

परदेशातील नातेवाइकांकडून डिस्क मागवणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच नोंदवतो. प्लेस्टेशन ३ चे खेळ जवळपास सगळे कोणत्याही देशातील यंत्रावर चालतात, पण चित्रपटांच्या ब्लू-रेला प्रादेशिक कुलूप असू शकते. अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो, आणि यंत्राचा विभाग बदलण्याची सोय नाही. न्यू जर्सीतील मावशीने प्रेमाने पाठवलेली डिस्क पुण्यातील यंत्राने नाकारणे अगदी शक्य आहे. ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला असे विभागच नाहीत, हा त्या माध्यमाचा मोठा दिलासा आहे.

त्या ४के ब्लू-रेच्या बाबतीत मात्र कन्सोलचा जोर साफ ओसरलेला दिसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन एस २९९ डॉलरना आणले, आणि त्यात ४के ब्लू-रे चालत होती. त्या वर्षीचा सॅमसंगचा स्वतंत्र प्लेअर ३९९ डॉलरना आला होता. म्हणजे २००६ चा प्रयोग जवळपास जसाच्या तसा पुन्हा झाला, आणि या वेळी काहीच घडले नाही. खुद्द सोनीने त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन ४ प्रो मध्ये ४के डिस्कची सोय ठेवली नाही. कारण लोकांची सवय बदलली होती, आणि ती बदलण्यात प्लेस्टेशन ३ चाच हात होता. त्यावर नेटफ्लिक्स २००९ मध्ये आले, आरंभी त्यासाठी एक डिस्क लावावी लागे, वर्षभराने तीही लागेनाशी झाली, आणि २०१२ च्या अखेरीस टीव्हीवर नेटफ्लिक्स पाहण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे यंत्र प्लेस्टेशन ३ असल्याचे नेटफ्लिक्सनेच सांगितले. ज्या यंत्राने ब्लू-रेला गादीवर बसवले, त्यानेच मागच्या दाराने तिचा वारसदारही घरात आणला.

आज कोणते यंत्र घ्यावे? ज्याला केवळ ब्लू-रे आणि डीव्हीडी पाहायच्या आहेत आणि रिमोटची सवय महत्त्वाची आहे, त्याने साधा स्वतंत्र प्लेअर घ्यावा. पण सॅमसंगने अमेरिकेतील प्लेअरचा व्यवसाय २०१९ मध्ये बंद केला, ओप्पोसारखी दर्जेदार कंपनी त्याआधीच बाजूला झाली, त्यामुळे निवड आक्रसत चालली आहे. ४के डिस्कसाठी ड्राइव्ह असलेले प्लेस्टेशन ५ हा सोयीचा मार्ग आहे, मात्र त्यात डॉल्बी व्हिजन (चित्राचे रंग आणि उजळपणा खुलवणारी पद्धत) नाही, त्रिमिती ब्लू-रे चालत नाही आणि साधी ऑडिओ सीडीसुद्धा चालत नाही, जी प्लेस्टेशन ३ निमूटपणे वाजवते. नव्या सडपातळ प्लेस्टेशन ५ चा ड्राइव्ह सुटा मिळतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. चित्रपट कंपन्यांच्या दृष्टीने ही पुन्हा एक्सबॉक्स ३६० च्या जोड-ड्राइव्हचीच वाट आहे.

म्हणून जुना डिस्क संग्रह, त्रिमिती ब्लू-रे आणि सीडी असे सर्व एका यंत्रात हवे असेल तर सडपातळ प्लेस्टेशन ३ ची शिफारस मी अजूनही करतो. जपानमधील उत्पादन २०१७ मध्ये थांबले असले, तरी सोनी त्यासाठी अधूनमधून अपडेट काढते, आणि त्यात ब्लू-रेच्या संरक्षणाची किल्ली नव्याने दिलेली असते. ते घेतले नाही तर नव्या डिस्क अडू शकतात, म्हणून यंत्र आणल्यावर आधी अपडेट करून घ्यावे. घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. या ड्राइव्हमध्ये ब्लू-रेसाठी आणि डीव्हीडीसाठी वेगळे लेसर असतात, आणि एक थकला तरी दुसरा धडधाकट राहू शकतो. विक्रेत्याने डीव्हीडी लावून यंत्र चालते असे दाखवले, तर त्यावर विसंबू नये. आपली एखादी दोन थरांची ब्लू-रे सोबत न्यावी आणि चित्रपटाच्या शेवटच्या अर्ध्या तासात उडी मारून चित्र अडखळत नाही ना, हे पाहूनच पैसे द्यावेत.